गिरणी सुटल्यावर

१८९६ सालच्या जुलै महिन्याच्या सातव्या तारखेस मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या प्रतिनिधीने पडदा बांधला आणि हिंदुस्थानात पहिल्यानेच हलती चित्रे दाखविली. प्रवेशाला रुपया पडत होता. त्या दिवशीच्या मोजक्या फितींत फलाटाला लागणारी आगगाडी होती, समुद्रात डुंबणारी माणसे होती आणि कारखाना सुटल्याचे एक दृश्य होते. फ्रान्समधील लियाँ शहरी ल्युमिए यांच्याच कारखान्याचे फाटक उघडते, कामकरी बायका आणि पुरुष घोळक्याने बाहेर पडतात, कोणी डावीकडे वळतो, कोणी उजवीकडे, आणि मिनिटभरात चित्र संपते. जगातल्या अगदी पहिल्या चित्रपटांत याची गणना होते.

मला या प्रसंगाचे फार दिवस नवल वाटत आले आहे. रुपया टाकून ज्यांनी ते चित्र पाहिले त्यांना त्यात काय दिसले असेल ते असो. पण तो मंगळवार होता, आणि त्या हॉटेलापासून चार-पाच मैलांवर, परळात आणि चिंचपोकळीत, त्याच दिवशी हजारो माणसे साच्यांपुढे उभी होती. त्यांचे फाटक दिवस मावळल्याखेरीज उघडत नव्हते. लियाँचे कामगार चित्रात बाहेर पडतात ते लख्ख उजेडात. आमच्या लोकांचे सुटणे म्हणजे काळोखातले सुटणे. त्या काळचा कॅमेरा तेथे नेऊन ठेवला असता तरी त्यात काही उमटले नसते.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा ‘संध्याकाळची मौज’ असे मी सांगितले, आणि ते थोडे बिचकले. युनियनचा माणूस म्हणजे तो संपावर बोलणार, बोनसवर बोलणार, निदान महागाईभत्त्यावर तरी बोलणार, अशी त्यांची समजूत. ती चुकीची नव्हे. परंतु संपांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ झाले. संप ज्यासाठी केले त्या गोष्टींपैकी एक मात्र कागदावर नीट आलेली नाही. ती म्हणजे काम संपल्यावर बायकापोरांना घेऊन, किंवा एखाद्या दोस्ताला हाक मारून, नाक्यापर्यंत जाऊन येण्याची मोकळीक. सूर्य रोजच मावळतो. पण तो मावळल्यावर माणसाच्या हाती चार घटका शिल्लक राहणे ही या मुंबईत मागून, भांडून, तासातासाने मिळवावी लागलेली गोष्ट आहे. मी काही पदवीधर इतिहासकार नव्हे. जे वाचले ते सभा संपल्यावर, कामगार वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली. पुढल्या तीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, परळ या बाजूची वाड्या-तळ्यांची जमीन धुराड्यांनी भरून गेली. कामाचा दिवस उजेडाने मोजला जाई. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालायचे. म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांब आणि हिवाळ्यात आखूड. मुकादमाच्या घड्याळापेक्षा आकाशावर भिस्त अधिक. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. लोखंडे सत्यशोधक समाजाचे, ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. त्या अर्जातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या साधेपणाने माणूस थक्क होतो. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी हाती पडावा. यांत कोठे चैनीचा शब्द नाही. तरीही या चार मागण्यांची गोळाबेरीज मांडून पाहा: मोकळा दिवस, मोकळी संध्याकाळ आणि खिशात वेळेवर पैसा. बाहेर फिरायला जाण्यास याहून अधिक काय लागते?

सहा वर्षे गेली. १८९० च्या २४ एप्रिलला महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामकरी बायकाही बोलल्या. जागा मोठी मौजेची होती, नाही का? शहरातील धनिकांनी आपल्या करमणुकीसाठी राखलेले ते मैदान. तेथे उभे राहून ज्यांना करमणुकीला एक दिवसही नव्हता त्यांनी आठवड्यातला एक वार मागितला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि दुसऱ्या वर्षी तिला कायद्याचा आधार मिळाला. तुम्ही आम्ही रविवारी राणीच्या बागेत मुलांना हत्ती दाखवायला नेतो. तो बगीचा १८६२ सालीच खुला झाला होता. पण गिरणीवाल्याला तेथे जाण्यासाठी आणखी अठ्ठावीस वर्षे थांबावे लागले.

रविवार मिळाला तरी रोजची संध्याकाळ मिळाली नव्हती. उलट ती आणखी लांब पळाली. विजेचे दिवे आले तेव्हा शहर हरखले. गिरण्यांत ते आले तेव्हा सूर्यास्ताची जी काय मर्यादा होती तीही गेली. १९०५ साली कापडाला तेजी होती. काही गिरण्या पहाटे सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत, चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालविल्या गेल्या, आणि त्याविरुद्ध कामगारांनी ठिकठिकाणी काम बंद पाडले. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील पुरुषाचा दिवस १२ तासांवर आला. १९२० च्या मोठ्या संपानंतर मुंबईत तो १० तासांचा झाला. कायद्याने दहा तास मान्य करायला १९३४ साल उजाडले, आणि आठवड्याचे ४८ तास ठरले ते दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ ते ४८ च्या दरम्यान. लोखंड्यांच्या अर्जापासून मोजले तर साठ-चौसष्ट वर्षे. एका तासाला सरासरी बारा-तेरा वर्षे पडली असा माझा हिशेब आहे.

आता त्या काळच्या करमणुकीकडे वळू. गिरगावची संध्याकाळ आणि परळची संध्याकाळ या दोन वेगळ्या वस्तू होत्या. गिरगावात राहणारा कारकून कोटातल्या कचेरीतून दिवेलागणीला परते, धोतर बदली, चौपाटीवर वारा खाई, आणि मनात आले तर नाटकाला जाई. विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात खेळ केले तेव्हापासून मराठी नाटकाला मुंबईचा प्रेक्षक मिळाला. संगीत नाटकाचा बहर आला तेव्हा तर रात्री पडदा वर जायचा आणि ‘वन्समोर’ घेता घेता पहाट व्हायची. ८ जुलै १९२१ ला बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून ‘मानापमान’ केले, त्याच्या आठवणी आपल्याकडे अजून निघतात, आणि निघाव्यातही. मी एवढेच विचारतो की पहाटेच्या भोंग्याला ज्याला फाटकावर हजर व्हायचे त्याने पहाटेपर्यंत चालणारे नाटक पाहावे कसे? तिकिटाचा दर हा पुढचा प्रश्न. आधी झोपेचा दर द्यावा लागे.

म्हणून गिरणीवाल्याने आपल्या वेळेला बसेल अशी करमणूक शोधली. पिला हाऊसच्या बाजूला तमाशाचे फड लागत. मूळचे ‘प्ले हाऊस’, पण लोकांनी त्याचे पिला हाऊस केले आणि तेच नाव टिकले. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांनी त्या भागातील रंगमंच गाजविले. आणि दुसरा आला सिनेमा. वॉटसन हॉटेलातला रुपया काही दिवसांतच उतरला. नॉव्हेल्टी नाटकगृहात तीच चित्रे चार आण्यांपासून दाखवू लागले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आणि १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातच मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ बोलू लागला. त्या बोलपटाची चार आण्यांची तिकिटे चार-पाच रुपयांना विकली गेल्याचे सांगतात. सिनेमाचा मोठा गुण असा की तो ठरल्या वेळी सुरू होतो आणि ठरल्या वेळी संपतो. पडद्यावरचा नट वन्समोर घेत नाही. भोंग्यावर जगणाऱ्या माणसाला ही शिस्त फार सोयीची पडली. नाटक आणि सिनेमा यांच्या चढाओढीची कारणे आपले टीकाकार रसिकतेत शोधतात; माझ्या मते त्यांतले एक कारण हजेरीपटात सापडेल.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. घराबाहेर पडणे ही गिरणगावात हौस नव्हती, गरज होती. १९११ च्या जनगणनेत मुंबईचे सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे आढळले. पुढे सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून २०७ इमारती, आणि खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत एक कुटुंब आणि वर गावाकडचे पाच-सात गडी. गावकऱ्यांच्या खोल्यांत तर माणसे पाळीने झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या वळकटीवर आडवी होई. अशा घरात संध्याकाळी बसायचे कोठे? मग चाळीचा जिना, गॅलरी, नळाचा कट्टा, पानपट्टी, नाका, इराण्याचे हॉटेल. ज्याला आपण बैठकीची खोली म्हणतो ती गिरणगावाने रस्त्यावर थाटली होती. लालबागच्या नाक्यावर दोन तास उभा राहणारा माणूस रिकामटेकडा आहे असे वाटणाऱ्यांनी त्याचे घर पाहिलेले नसे.

आणि रस्त्यावर काय नव्हते! कोकणातल्या मंडळींचे नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचा सामना, दशावतार. घाटावरच्यांचे भजन आणि भारूड. तालमीत जोर-बैठका, मैदानात कबड्डी. गणपतीचे दहा दिवस तर सारी संध्याकाळ मेळ्यांची. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला १८९३ साली, लालबागच्या गणेशगल्लीत १९२८ साली, आणि लालबागच्या बाजारातला, ज्याला आज ‘राजा’ म्हणतात तो, १९३४ साली. १९२८ आणि १९३४ ही दोन्ही गिरण्यांच्या सार्वत्रिक संपांची वर्षे आहेत. १९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने चालला, म्हणजे त्या वर्षीचा गणेशोत्सव बंद गिरण्यांच्या सावलीत झाला. दोन गोष्टींचा कार्यकारणभाव मी जोडीत नाही; तारखा तेवढ्या शेजारी ठेवतो.

रस्त्यावरच्या संध्याकाळीला दुसरी बाजू होती, ती झाकण्यात अर्थ नाही. दारूचा गुत्ता होता, जुगार होता, पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार होता. १९३६ च्या कायद्याने मोठ्या गिरण्यांना १० तारखेपर्यंत पगार देणे भाग पाडले, त्यामुळे दहा तारखेची संध्याकाळ म्हणजे गिरणगावची दिवाळी. पण कित्येक घरांत ती रडारडीची रात्र असे. थकलेल्या माणसाला मोकळा वेळ मिळाला की तो त्याचे काय करतो, ही काळजी मालकांनाही होती आणि सुधारकांनाही. मालक म्हणत, तास कमी करू नका, हे लोक दारू पितील. सुधारकांनी निराळे उत्तर शोधले. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविली, आणि परळला दामोदर हॉल उभा केला. गिरणगावला आपल्या हक्काचे नाटकगृह मिळाले ते हे. कामगार नट, कामगार प्रेक्षक आणि प्रयोग पाळीच्या सोयीने.

याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलाविली, आणि तिच्यातून त्या वर्षीच्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. बाबासाहेब त्या वेळी परळच्या पोयबावडीच्या चाळीतच राहत होते. नाटकगृहाच्या इतिहासात मी हे मुद्दाम सांगतो. गिरणीत विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. पाण्याची मडकी वेगळी. मग संध्याकाळी तरी तो सगळ्यांबरोबर कसा मिसळणार? हॉटेलात त्याच्या कपाचा प्रश्न, तालमीत लाल मातीचा प्रश्न. नव्या सभेने वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकीचा क्लबही चालविला, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पण त्याचे मर्म थोड्यांच्या ध्यानात येते. ज्यांना शहराच्या संध्याकाळीत जागा नव्हती त्यांनी आपली संध्याकाळ आपणच उभी केली. आंबेडकरी जलसे त्यातूनच वस्तीवस्तीत घुमले.

पुढे १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. तमाशावर सरकारने निर्बंध आणले तेव्हा त्याच अंगाचे त्यांचे खेळ लोकनाट्य म्हणून उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगार मैदान, नरे पार्क, शिवाजी पार्क येथल्या संध्याकाळी या शाहिरांच्या होत्या. करमणूक कोठे संपली आणि राजकारण कोठे सुरू झाले हे ऐकणाऱ्याला कळत नसे, आणि कळावे असा कोणाचा आग्रहही नव्हता. नारायण सुर्वे या गिरणीकामगाराने वाढविलेल्या पोराने १९६६ साली आपल्या कवितासंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ हे नाव दिले. कोणत्या रस्त्यांना तो हे म्हणत होता ते गिरणगावात वेगळे सांगावे लागले नाही.

बायकांचा उल्लेख वर दोनदाच आला, याची मला जाणीव आहे. १९२० च्या पुढेमागे गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या. १८९१ च्या कायद्याने त्यांचा दिवस ११ तासांचा झाला आणि रात्रीच्या कामावर बंधने आली. म्हणजे पुरुषांच्या कितीतरी आधी त्यांना संध्याकाळ मिळाली, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात भोंगा झाला की बाई फाटकातून निघे ती सरळ चुलीपुढे. पाण्याची वेळ, पोरांची जेवणे, आणि घरी खानावळ असेल तर दहा-पंधरा गड्यांची ताटे. जे हजारो गडी बायकामुले गावी ठेवून मुंबईत एकटे राहत त्यांची संध्याकाळ या खानावळवाल्या बायांच्या हातावर चालली होती. दाणागोट्यासाठी त्या सावकाराचे कर्ज काढीत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बँकेची कर्जे मिळवून दिली, तेव्हा कोठे त्यांचा हिशेब कोणी वहीत मांडला.

माझी आई खानावळ चालवीत नव्हती, पण तिची संध्याकाळही चुलीची. अपवाद एकच. वडिलांची पहिली पाळी असली म्हणजे ते साडेतीनला सुटत, आणि पगार झाला की त्या आठवड्यात एकदा आम्ही सगळे लालबागला भारतमाताला मराठी सिनेमा पाहायला जात असू. दुसरी पाळी असेल तर ते मध्यरात्री येत आणि महिना तसाच जाई. आम्हा पोरांना तिथी-वार नीट येत नव्हते. पाळ्या तोंडपाठ होत्या. सिनेमा सुटला की नाक्यावर वडापाव, आणि चिवडागल्लीतून पावशेर चिवडा. आई चिवड्याची पुडी हातात घट्ट धरून चाले, जणू ती कोणी हिसकावून नेईल. दादा कोंडके म्हणजे तर घरचा माणूस. लालबाग-नायगावात गिरणीवाल्याच्या घरी वाढलेला. त्यांच्या ‘सोंगाड्या’ला १९७१ साली दादरच्या कोहिनूरने जागा नाकारली तेव्हा शिवसेनेने मध्ये पडून ती मिळवून दिली. पिक्चरचे थिएटर हा रस्त्यावरच्या भांडणाचा विषय व्हावा यात आमच्या लोकांना काही विशेष वाटले नाही. ती त्यांचीच संध्याकाळ होती.

हा माणूस बाहेर पडून चहा पितो, सिनेमा बघतो, दादरला जाऊन साडीचोळी घेतो, तेव्हा त्याला ते देणारा कोणी तरी कामावर असतो. आमच्या चळवळीने याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई इलाख्यात १९३९ साली दुकाने आणि आस्थापनांचा कायदा झाला. देशात त्या तऱ्हेचा तो पहिला. १९४८ साली तो नव्याने झाला, आणि दुकाने रात्री साडेआठला बंद करण्याचे बंधन आले. त्यामुळे दादरच्या कापडदुकानातल्या नोकराला शेवटचा खेळ तरी गाठता येऊ लागला. उपाहारगृहांना मात्र उशिरापर्यंत मुभा. तेथील पोऱ्या, बहुधा दक्षिण कानड्यातून आलेला, आपल्या संध्याकाळीऐवजी कानडी रात्रशाळेत जाई, ते सुद्धा मालक भला असेल तर. कपबशा विसळून मग बाराखडी गिरवणाऱ्या त्या मुलांतले काही पुढे स्वतः हॉटेलवाले झाले. त्यांच्याकडच्या पोऱ्यांच्या संध्याकाळीचे काय झाले ते मी येथे काढीत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. मी बारा वर्षांचा होतो. पहिले दोन महिने नाक्यावर इतकी गर्दी की चालायला जागा नसे. कोणालाच भोंगा नव्हता, सगळ्यांनाच संध्याकाळ होती. सकाळीही संध्याकाळच होती. मग माणसे गावी गेली. जी राहिली ती नाक्यावर येईनाशी झाली, कारण नाक्यावर आले म्हणजे चहाचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न. लालबागचे हनुमान थिएटर, जेथे तमाशाचा ढोलकीवर हात पडला की शिट्ट्यांनी छप्पर दणाणे, त्याचा प्रेक्षकच संपला आणि पुढे तेही संपले. रिकामा वेळ आणि मोकळा वेळ यांतला फरक मी त्या वर्षी शिकलो, तो कोणत्याही पुस्तकात वाचून नव्हे.

नंतरचे आपणा सर्वांना ठाऊक आहे. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची त्रिभागणी ठरविली, २००१ साली तिचा अर्थ बदलला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. गिरण्यांच्या आवारात दुकानांचे महाल, कचेऱ्या आणि खाण्यापिण्याची ठिकाणे आली. म्हणजे मुंबईची संध्याकाळ पुन्हा गिरणीत भरू लागली, फक्त फाटकातून आत जाणारी माणसे दुसरी आहेत. त्यांच्या मौजेविषयी माझी तक्रार नाही. दिवसभर संगणकापुढे बसलेल्या पोरापोरींनाही मोकळी हवा हवीच. त्यांतल्या कित्येकांचे आजोबा साच्यावर होते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जीव गेले, तेव्हा ती बातमी ऐकून लालबागच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आले, हे मी पाहिले आहे. दामोदर नाट्यगृह शंभर वर्षे ओलांडून २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा नट मंडळींनी आवाज उठविला. मी त्यांच्या बरोबर होतो.

परंतु नाटकगृह हे निम्मे झाले. उरलेले निम्मे तासांचे आहे. २०१७ च्या नव्या कायद्याने राज्यातील दुकाने चोवीस तास उघडी ठेवता येतात. साडेआठचे बंधन गेले. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १० तासांवर, आणि कारखान्यांतील ९ वरून १२ तासांवर नेण्याच्या दुरुस्त्यांना मंजुरी दिली. जादा तासांना जादा पैसे मिळतील, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सरकारचे म्हणणे आहे. बारा हा आकडा मी १९११ च्या कायद्यात वाचलेला आहे आणि दहा हा १९२० च्या संपात. संमती कशी घेतली जाते ते मला वाचून शिकावे लागले नाही.

मी सध्या ज्यांच्यात काम करतो ते पहारेकरी, सफाईवाले आणि दुकानांत दिवसभर उभी राहणारी मुले-मुली आहेत. एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचे साठ-सत्तर पहारेकरी आहेत. ठेकेदाराकडून लागलेले. पाळी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. पहिल्या सभेला मी जुन्या सवयीने संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली. तिघे आले, तेही ज्यांची सुट्टी होती ते. दुसऱ्या वेळेला रात्री नऊ दिले, तर कर्जत-आसनगावची लोकल चुकते म्हणून कोणी थांबेना. शेवटी त्यांच्यातल्याच एका साताऱ्याकडच्या पोराने उपाय सांगितला. आता आमची सभा सकाळी सव्वाआठला भरते, आवाराच्या मागच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर. रात्रपाळीचे सुटलेले आणि दिवसपाळीचे चढायचे राहिलेले असे पंधरा-वीस जण येतात, उभ्यानेच चहा घेतात, आणि मला बोलायला बारा मिनिटे मिळतात.